मुलांच्या दिवाळीतून काय काय वगळायचं?

दोन लेकरांची आई
मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. यंदा आम्ही दोघांनी बसून ठरवलं, तीन गोष्टी बंद. फटाके बंद. नरकचतुर्दशीला चार वाजता उठवणं बंद, कारण "उजाडायच्या आत अंघोळ केली नाही तर नरकात जाशील" हे ऐकून मुलगी गेल्या वर्षी रात्रभर झोपली नाही. उठून उठून खिडकीतून उजाडलं का बघत होती. आणि भाऊबीजेला फक्त बहिणीनं ओवाळायचं, भावानं तबकात पाकीट टाकायचं, हेही बंद. दोघं एकमेकांना ओवाळणार. किल्ला, आकाशकंदील, फराळ सगळं तसंच. सासूबाई फोनवर रडल्या. आमचं चुकतंय का?

जुन्या वाड्यातला काका
ताई, फटाक्यांचं मान्य. पहाटेचं अजिबात नाही. नरकाची भीती घालणं वाईटच, ते वाक्य टाका. पहाट कशाला टाकता? मी पासष्टीचा आहे. वडिलांचा चेहरा हल्ली धूसर झालाय, पण पाठीला तेल चोळणारे त्यांचे खरखरीत हात अजून जाणवतात. थंडीनं दात वाजायचे, बंबातलं कढत पाणी, अंगाला टोचणारं उटणं, न्हाणीच्या दाराशी फुलबाजी धरून उभा असलेला भाऊ. मग तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून 'गोविंदा गोविंदा' ओरडायचं आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. इतकं कडू की तोंड वाकडं व्हायचं, आणि त्यावर फराळाचं ताट! हे ऊन वर आल्यावर कसं व्हायचं? वर्षातून एक दिवस झोपमोड झाली तर मुलांचं काही बिघडत नाही.

रात्रपाळीवाली
काका, ते पाणी कोण तापवायचं? फराळाची ताटं कोण मांडायचं? माझी आई त्या दिवशी अडीचला उठायची. मी नर्स आहे, दिवाळीतही रात्रपाळी चुकत नाही. आमच्याकडे अभ्यंगस्नान सकाळी नऊला होतं. तेल मीच लावते, आणि लेक त्याची वाट बघत बसलेला असतो. त्याला काही कमी पडलंय असं मला वाटत नाही.

जुन्या वाड्यातला काका
आई सगळ्यांत शेवटी न्हायची. तोवर पाणी कोमट झालेलं असायचं. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं, आधी लिहायला हवं होतं. पण यावर उपाय पहाट सोडणं नव्हे. घरातल्या पुरुषांनी अडीचला उठावं.

फुलबाजीपुरता बाबा
फटाके सरसकट बंद करणं मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ घालून हरित फटाक्यांना मोकळीक दिली होती. घरात बंदी घातली की मुलं शेजारच्यांचे उडवतात, तेही आपली नजर नसताना. फुलबाजी, सापाची गोळी असं बिनआवाजाचं काहीतरी ठेवा.

दम्याच्या मुलाची आई
सापाची गोळी तर नकोच! आवाज नाही म्हणून आम्हीही तीच आणायचो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. सर्वांत जास्त सूक्ष्म कण सापाच्या गोळीतून निघाले. आणि मूल त्या वेळी काय करत असतं? उकिडवं बसून, नाक अगदी जवळ नेऊन साप केवढा वाढतोय ते बघत असतं. माझा मुलगा तसाच बसायचा. त्याच रात्री त्याला वाफ द्यावी लागली होती.

फुलबाजीपुरता बाबा
गोळीचं माहीत नव्हतं, ती यंदा आणणार नाही. फुलबाजी मात्र ठेवणार, एकेकाला एक पाकीट, गच्चीवर, माझ्यासमोर.

तिघींतली मधली
आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायला लावायची. द्वितीयेची कोर सूर्यामागोमाग मावळते, म्हणून तबक घेऊन गच्चीवर पळापळ. ढग असले की निरांजनावर हात धरून थांबायचं. बहीण शेजारीच उभी असायची, तरी ओवाळायचं त्या कोरीला. परंपरेनं भाऊ नसलेल्या मुलींसाठी चंद्र शोधला, बहीण कुणालाच दिसली नाही. ताई, तुम्ही भाऊबीज बंद करत नाही, वाढवताय. सासूबाईंना असंच सांगा.

दोन लेकरांची आई
सासूबाईंशी काल तासभर बोलले. भाऊबीजेचं त्यांना फारसं काही वाटलंच नव्हतं. नातवंडांना अभ्यंगाचं तेल दर वर्षी त्या लावतात, आणि आम्ही त्यांना न विचारता तेच काढून टाकलं होतं. ही चूक आमचीच. आता साडेपाच ठरलेत. पाणी नवरा तापवणार. नरकाचा विषय कुणी काढायचा नाही, हे सासूबाईंनीच कबूल केलं. फटाके नाहीतच. लेकीला सांगितलं तर म्हणाली, कारीट मी फोडणार, दादा नाही.

जुन्या वाड्यातला काका
साडेपाचला चांगला अंधार असतो.