मदत हवी आहे: संग्रहालयाच्या संशोधनाचा व्हिडिओ कोणी बघतच नाही

बरणीवाला
मंडळी, जरा घाईत आहे. व्हिडिओ चढवला, पण लोक मिनिटभरात पळतात. दुसरा महिनाअखेर द्यायचाय. एडिटिंगला कोणतं ॲप चांगलं? बरण्यांवर चकाकी येते, तीही घालवायची आहे. ‘गूगल करा’ म्हणू नये, केलंय.

माळावरची आत्या
कसला व्हिडिओ? कसल्या बरण्या, लोणच्याच्या?

बरणीवाला
कॉलेजचं प्राणिशास्त्राचं संग्रहालय आहे हो. स्पिरिटमधले नमुने. सरांचं काम देवगांडुळांवर आहे, म्हणजे गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर.

लेन्सबहाद्दर
कॅमेरा कुठला? फोनवर काढत असाल तर विषय संपला. माझ्याकडे जुनी मॅक्रो लेन्स आहे विकायला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कुंपणावरचा
लेन्स राहू दे रे. लांबी किती? भाषा कुठली?

बरणीवाला
पन्नास मिनिटं. परिषदेतलं सरांचं भाषण आहे, स्लाइडसकट. इंग्रजीत. पण ॲप सांगा ना.

कुंपणावरचा
मग ॲप काय करणार, डोंबल! शिकागोचं फील्ड म्युझियम बघ. एमिली ग्रास्लीने मोंटाना विद्यापीठाच्या लहानशा संग्रहालयातून 2013 मध्ये ‘द ब्रेन स्कूप’ हे यूट्यूब चॅनल सुरू केलं. त्याच वर्षी फील्ड म्युझियमने तिला बोलावून नोकरी दिली. जनावर सोलायचं कसं, किड्यांकडून हाडं साफ करून कशी घ्यायची, हे सगळं तिने कॅमेऱ्यासमोर दाखवलं. स्लाइड नाही, हातातलं काम. तुझ्या सरांना टेबलाशी बसव, एक बरणी उघडायला लाव आणि मराठीत बोलू दे.

माळावरची आत्या
तिथे त्याच कामाचा पगार मिळतो बाबा. इथे हा पोरगा प्रॅक्टिकल सांभाळून करणार. छोटे तुकडे करा. पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममधले गोगलगायींचे अभ्यासक टिम पिअर्स टिकटॉकवर नुसते गोगलगायींचे विनोद सांगायचे, तुफान चालले.

कुंपणावरचा
विनोद चालले, आत्या. संशोधन किती पोचलं?

माळावरची आत्या
पन्नास मिनिटांपेक्षा जास्तच.

स्पिरिटगंध
चकाकीचा प्रश्न कोणी वाचलाच नाही वाटतं. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूने नको, बरणीच्या दोन्ही अंगांनी तिरका लावा. कॅमेऱ्यापुढे काळं कापड धरा, भिंगापुरतं भोक पाडून. म्हणजे काचेत तुमचा शर्ट दिसणार नाही. गोल बरणीत नमुना फुगलेला दिसतो, तेव्हा सपाट काचेच्या छोट्या टाकीत घ्या, पण स्पिरिटमध्ये बुडालेलाच, उघडा ठेवलात तर सुकतो. जवळ तापणारा हॅलोजन नको, स्पिरिट पेट घेतं. आतली चिठ्ठीही जवळून घ्या. कोणी, कुठे, कधी पकडलं ते त्या हस्ताक्षरात असतं आणि लोक तिथे थांबतात.
मात्र जिथे देवगांडुळं आजही सापडतात ती नेमकी जागा झाका, हौशे-गवशे कुदळ घेऊन जातात. नवी जात असेल तर शोधनिबंध आधी छापा. व्हिडिओत नाव उच्चारलं म्हणजे नामकरण होत नाही, उलट दुसराच कोणी आधी छापून मोकळा होतो.

बरणीवाला
चिठ्ठीचं पटलं. नवी जात नाहीये, पिल्लांच्या खाण्यावर काम आहे. काही जातींत पिल्लं आईची कातडी खरवडून खातात.

कुंपणावरचा
आणि हे पन्नास मिनिटांत कुठे येतं?

बरणीवाला
एकेचाळिसाव्या मिनिटाला. आधी वर्गीकरण आहे.

माळावरची आत्या
अरे देवा. तिथूनच सुरू करा! बेडकाच्या गोतातलं आहे आणि साप समजून लोक ठेचतात, हे लगेच पुढे.

लेन्सबहाद्दर
कातडीचा क्लोजअप फोनवर येणार नाही, आत्ताच सांगतो.

शेतकरी_दादा
गांडूळखताला ही देवगांडुळं चालतील का? किलोचा भाव काय?

स्पिरिटगंध
दादा, ती गांडुळंच खातात.

शेतकरी_दादा
मग खताच्या खड्ड्यात काळं, वीतभर, गुळगुळीत काहीतरी निघालंय ते काय? घरचे मारा म्हणतायत. फोटो टाकतो, थांबा.

बरणीवाला
मारू नका! टाका फोटो.