फॉरमॅटच्या आधी रॅम तपासा

विश्रामबागच्या दुकानदाराने तुमच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरसाठी फॉरमॅट (सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं) सुचवलंय, पण दर वेळी वेगळ्याच कोडची निळी स्क्रीन आणि धडधाकट झिप फाइल उघडताना 'करप्ट' येणं, ही लक्षणं मला रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) बिघडल्याची वाटतात. तसं असेल तर नवं विंडोज टाकतानाच फाइली बिघडायच्या.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. रात्रभर लावून ठेवा (वळवाचे दिवस आहेत, लाइट टिकली तर!). एकही लाल ओळ (म्हणजे रॅमची चूक) चालत नाही. आली, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, बंद करून पुन्हा लावा. तेवढ्याने चुका थांबल्या तर जास्तीचा वेग झेपत नाहीये. नाही थांबल्या तर रॅमची एकेक स्टिक (पट्टी) एकाच स्लॉटमध्ये घालून बघा. चूक स्टिकबरोबर फिरते की स्लॉटला चिकटून राहते, हेच खरं बघायचं. स्लॉटला चिकटली तर संशय मदरबोर्डवर. मग नवी रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

बऱ्याच ब्रँडेड रॅमना लाइफटाइम वॉरंटी असते, स्टिकर मात्र काढू नका. जोडीचा संच असेल तर वॉरंटीसाठी सहसा दोन्ही स्टिक द्याव्या लागतात. दुकानदार 'ठेवून जा' म्हणाला तर पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या.