घर थंड ठेवायचे तर आधी भिंत की आधी सौर पॅनेल?

उंबरठा (पुणे)

गेल्या वर्षी आम्ही चौदाव्या मजल्यावरच्या नव्या सदनिकेत राहायला आलो. माहितीपत्रकात 'हरित इमारत' असे ठळक छापलेले होते आणि त्याखाली सौर बंब, एलईडी दिवे, विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग अशी यादी होती. भिंत कशाची आहे हे त्यात कुठेही नव्हते, आणि आम्हालाही ते विचारायचे सुचले नाही. मुलीची खोली पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये एका रात्री साडेदहाला, बाहेर चांगला वारा सुटलेला असताना, तिच्या पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर ती चुलीलगतच्या भिंतीसारखी गरम लागली; उष्णतामापकावर ३८ अंश दिसले. पलंग खोलीच्या मध्यावर ओढला आणि एसी पहाटेपर्यंत चालू ठेवला.

ही भिंत १५० मिलिमीटर जाडीच्या सलग काँक्रीटची आहे, म्हणजे बांधकामावर ज्याला सरसकट 'मायवान' म्हणतात त्या ॲल्युमिनियम शटरिंगमध्ये (साच्यांत) ओतलेली. आतबाहेर एका अंशाचा फरक असेल, तर अशा भिंतीच्या दर चौरस मीटरमधून साधारण पावणेचार वॉट उष्णता आत शिरते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ती दोन वॉटच्या थोडी वर असते आणि २०० मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमधून पाऊण वॉटच्या आसपास. म्हणून माझे ठाम मत आहे की शहरातल्या घराची ऊर्जाबचत नकाशा काढतानाच ठरते. नंतर बसवलेली यंत्रे त्या नकाशातल्या चुका भरून काढण्यात खर्ची पडतात. केंद्राच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'ने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या एकूण उष्णतेची सरासरी मर्यादा, थंड प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला १५ वॉट ठरवली आहे. पण राज्याने आपल्या नियमांत उतरवल्याशिवाय ती प्रत्यक्षात बंधनकारक होत नाही. चटई क्षेत्राचा आकडा जसा करारात लिहून मिळतो, तसा हाही मिळायला हवा.

ओळंबा (ठाणे)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि आपल्या मुलीच्या खोलीचे वर्णन मला खोटे वाटत नाही, तरीही सगळा दोष शटरिंगवर टाकणे मला मान्य नाही. सलग काँक्रीटमध्ये भिंत आणि स्लॅब एकाच वेळी ओतले जात असल्यामुळे सांधे कमी राहतात, भूकंपात इमारत एकसंध वागते आणि मजला आठ-दहा दिवसांत उभा राहतो. ब्लॉकची भिंत आणि काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यात जाळी नीट लावली नाही की तिथे हमखास चीर पडते, आणि कोकणपट्टीच्या पावसात त्या चिरेतून आलेली ओल काढता काढता रहिवासी थकतात. मी अशी गळती वर्षानुवर्षे पाहिली आहे. शिवाय जाड भिंतीत जाणारी जागा आणि वाढणारा खर्च शेवटी ग्राहकाच्याच माथी येतो. ज्याला कसेबसे वन बीएचके परवडते, त्याला आपण १५ वॉटचे गणित सांगून आणखी दूर लोटणार का?

गच्चीवरून (डोंबिवली)

आपण दोघेही नव्या इमारतींविषयी बोलत आहात. शहरातली बहुतेक माणसे आज ज्या घरांत राहतात, त्यांच्या भिंती आता बदलता येणार नाहीत. आमची इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची. गच्चीच्या जुन्या कोब्यावर आम्ही ऊन परतवणारे, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझेक करून घेतले आणि १० किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दिवसाला सरासरी ४० युनिट मिळतात आणि पंप, जिना, लिफ्ट त्यावर चालते. वरच्या मजल्यावरच्या आजी आता मे महिन्यातही दुपारी घरात झोपू शकतात. आधी हेच करावे.

उंबरठा

चार मजल्यांना आपला उपाय उत्तम आहे, आणि तो आपण करून दाखवलात याचे मनापासून कौतुक वाटते. आमच्याकडे मात्र वीस मजले आणि ऐंशी सदनिका एका गच्चीखाली आहेत. टाक्या व लिफ्टची खोली वगळता तिथे फार तर ३० किलोवॉट बसतील, म्हणजे दिवसाला १२० युनिट, घरटी दीड. दीड टनाचा एसी तेवढी वीज तास-दीड तासात संपवतो. इमारत जितकी उंच, तितका गच्चीचा वाटा आटत जातो आणि भिंतींचा वाढत जातो.

संत्रानगरी (नागपूर)

घर थंड ठेवायला खिडक्या मोठ्या ठेवा, वारा खेळू द्या, असे नेहमी सांगितले जाते; हा सल्ला मुंबईच्या दमट हवेत योग्य आहे. आमच्याकडे ४५ अंशांत दुपारी खिडकी उघडणे म्हणजे लू घरात घेणे. येथे जाड भिंत, दिवसा बंद खिडक्या, कूलर आणि रात्री सगळे उघडे, हाच जुना क्रम बरोबर आहे. नियम करताना एवढे जरूर पाहावे.

ओळंबा

नागपूरच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. उंबरठा, आपल्या एका गोष्टीवर मी माघार घेतो: भिंत काँक्रीटची असली तरी पश्चिमेला तिला सावली न देणे, हा निव्वळ नकाशाचा दोष आहे. त्या बाजूला आडवा छज्जा पुरत नाही, कारण तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपे खाली उतरते. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बाहेरून सोडलेली बांबूची चीक लागते. आतला पडदा फार उशिरा कामाला येतो, तोवर उष्णता काच ओलांडून आत आलेली असते. जाडी सक्तीची करण्याला माझा विरोध कायम आहे. सावली सक्तीची करा, तिचा खर्च कमी आहे.

उंबरठा

सावली तरी सक्तीची व्हावी, हे मला मान्य आहे. अडचण अशी की बाहेरून चीक लावण्याची परवानगी आम्ही मागितली, तेव्हा इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो म्हणून ती नाकारली गेली. पश्चिमेकडच्या वीसही घरांच्या सह्या आता घेतल्या आहेत. एकाच रंगाची, एकाच मापाची चीक सर्वांनी लावावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. ओळंबा, वाऱ्यात न उडणारी चौकट चौदाव्या मजल्यावर कशी बसवावी, हे आपण लिहून द्याल का?