मदत हवी आहे: चंद्र, उधाण आणि झेड बोसॉनचं वस्तुमान

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त मुलांसमोर डब्ल्यू आणि झेड बोसॉन या दोन मूलकणांवर बोलायचं आहे, आणि एका जागी अडले आहे.

हे दोन्ही कण जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८३ साली सापडले. पुढे १९८९ ते २००० या काळात तिथल्याच २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात लेप कोलायडर, म्हणजे कणांची टक्कर घडवणारं यंत्र, चालला. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन बीमची (कणांच्या झोताची) ऊर्जा थोडी थोडी बदलायची आणि झेड सर्वांत जास्त कुठे तयार होतात ते पाहायचं, अशी मोजायची पद्धत. त्यातून वस्तुमान मिळालं ९१,१८७.६ ± २.१ एमईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही). बीमची ऊर्जा जेवढी नेमकी माहीत, तेवढंच वस्तुमान नेमकं. आणि ती ऊर्जाच चंद्राबरोबर हलत होती! अमावास्या-पौर्णिमेला जिनिव्हाकडची जमीन सुमारे पाव मीटर वरखाली होते, त्याने लेपचा परीघ साधारण एक मिलिमीटर बदलायचा आणि बीमची ऊर्जा दहाएक एमईव्ही.

इथल्या मिरकरवाडा बंदराकडच्या मुलांना उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) वेगळे शिकवावे लागत नाहीत. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. पाण्यासारखी जमीनही उचलली जाते, एवढंच त्यांना नवीन असेल. म्हणूनच ‘चंद्रामुळे होतं’ एवढं सांगून पुढे जाणं मला पटत नाही.

अडचण अशी: २७ किलोमीटरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे दहा कोटींत चार भाग. पण ४५.६ जीईव्हीत १० एमईव्ही म्हणजे दहा हजारांत दोन. हा पाच हजार पटींचा फरक येतो कुठून? शिवाय परीघ वाढला की ऊर्जा कमी होते असं वाचलं. चुंबक तेच आणि त्रिज्या जास्त, तर संवेग वाढायला नको का? बारावीचं सूत्र (संवेग = भार × चुंबकीय क्षेत्र × त्रिज्या) तरी तसंच सांगतं.

दुसरं, डब्ल्यूच्या वस्तुमानाचा कोणता आकडा सांगू? सीडीएफ प्रयोगाचा २०२२ चा ८०,४३३.५ ± ९.४ एमईव्ही की सीएमएस प्रयोगाचा २०२४ चा ८०,३६०.२ ± ९.९?

प्रतिसाद १

मॅडम, त्रिज्या वाढते ती चुंबकांच्या कड्याची, कणांच्या मार्गाची नाही. कणांना ढकलणाऱ्या रेडिओ लहरींची वारंवारता ठरलेली असते आणि कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात, त्यामुळे एका फेरीची लांबी बदलूच शकत नाही. जमीन ताणली की चुंबक बाहेर सरकतात आणि बीम त्यांच्या मध्यापासून आतल्या बाजूला पडतो. बीम एकवटून ठेवणाऱ्या क्वाड्रुपोल (चार ध्रुवांच्या) चुंबकांत मध्यावर चुंबकीय क्षेत्र शून्य असतं, बाजूला नसतं. आतून जाणाऱ्या कणाला ते सरासरीने बाहेर ढकलतात, म्हणजे एकूण वळवणारं क्षेत्र घटतं. पण पूर्ण फेरीत ३६० अंश वळायचं तर आहेच! मग कमी क्षेत्रात तेवढंच वळायला संवेग कमी व्हावा लागतो. सूत्र बरोबरच आहे, बदलतं ते क्षेत्र.

पाच हजार पट यामुळे की हे क्वाड्रुपोल फार ताकदीचे असतात. रेडिओ लहरींचं बंधन नसतं, तर ऊर्जा एक टक्का बदलूनही फेरीची लांबी दहा लाखांत दोन भागच बदलली असती. हेच उलट वाचा: कड्याच्या लांबीत किंचित फरक पडला की ऊर्जेला बरंच सरकावं लागतं. मोमेंटम कॉम्पॅक्शन फॅक्टर म्हणतात तो हाच. मुलांकडून भागाकार करून घ्या, उत्तर नऊ-दहा एमईव्हीच येईल.

प्रतिसाद २

डब्ल्यूचे दोन्ही आकडे सांगा, साल आणि त्रुटीसकट. स्टँडर्ड मॉडेलचा, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांताचा, अंदाज ८०,३५७ ± ६ आहे. सीएमएस आणि ॲटलस हा आणखी एक प्रयोग (८०,३६६.५ ± १५.९) त्याच्याशी जुळतात, सीडीएफ खूप वर आहे आणि ते का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. माझं मत विचाराल तर सीएमएसकडे झुकेन, पण वर्गात निकाल देऊ नका.

हेही सांगा की या मोजमापांत वापरलेला डब्ल्यू एका लेप्टॉनमध्ये (इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) आणि न्यूट्रिनोत फुटतो, न्यूट्रिनो डिटेक्टरमधून निसटतो, म्हणून वस्तुमान थेट जुळवता येत नाही. म्यूऑनचा संवेग बरोबर मोजतोय का हे तपासायला झेडचं लेपवरचं वस्तुमान कामी येतं. म्हणजे तुमच्या चंद्रामुळे लेपच्या ऊर्जेत करावी लागलेली दुरुस्ती डब्ल्यूच्या मोजमापातही पोचलेली आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! क्षेत्र स्थिर धरलं होतं, तिथेच अडले होते. आता एकच: क्वाड्रुपोलमधलं क्षेत्र फळ्यावर न काढता, दोन-चार चुंबक घेऊन वर्गात दाखवता येईल का? कुणी करून पाहिलं असेल तर मांडणी कशी केली ते कृपया लिहा.