'मार्चिंग 100'चा वारसा: थोडी भर
अमेरिकेतील फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या 'मार्चिंग 100' या संचलन करत वाद्ये वाजवणाऱ्या पथकाचा गौरव म्हणजे फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरातील करमणुकीचे कौतुक, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. कृष्णवर्णीय संचालक विल्यम फॉस्टर यांनी 1946 पासून 1998 पर्यंत पथकाचे नेतृत्व करताना वेगवान पदन्यास, नृत्य आणि लोकप्रिय संगीत यांची कवायतीशी अशी सांगड घातली, की पुढे देशभरातील पथकांनी ती उचलली. 1989 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त पॅरिसमध्ये निघालेल्या संचलनात अमेरिकेचे प्रतिनिधित्व याच पथकाने केले (फॉस्टर यांनी तरुणपणी जिथे वर्णभेद सोसला, त्याच देशाचे!). मात्र 2011 मध्ये पथकातील रॅगिंगमुळे झालेला ड्रम मेजरचा (संचलनात पथकाच्या पुढे राहून त्याला दिशा देणाऱ्या सदस्याचा) मृत्यू आणि 2013 पर्यंतची स्थगिती यांचा उल्लेख या गौरवातून वगळणे मला योग्य वाटत नाही.