मायामीत पकडलेला भारतीय: अमेरिकेची दादागिरी, की खोट्या सहीची शिक्षा?

खंडपीठ_वकील:
ऑक्टोबर 2024 मध्ये एका भारतीय व्यापाऱ्याला मायामीत अटक झाली. ऑरेगनमधून विमानाची दिशादर्शक यंत्रणा घेऊन ती रशियाला पाठवण्याचा कट, हा आरोप. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध मानतो, अमेरिकेनं रशियावर लादलेले नाही. मग भारतात बसून केलेल्या सौद्याचा निवाडा अमेरिकेनं का करायचा? ही शुद्ध दादागिरी आहे.

वाळूज_एक्स्पोर्ट:
वकीलसाहेब, हे वाचून गप्प बसवत नाही. सौदा भारतातला नव्हता, माल अमेरिकेचा होता. त्यांचा निर्यात कायदा मालाच्या मागे मागे जातो, न्हावाशेवा काय नि दुबई काय. विक्रेता आधी एंड यूज स्टेटमेंट घेतो: भाग कोण वापरणार, कशात बसणार, कुठल्या पत्त्यावर. इथं भारतातल्या नागरी हेलिकॉप्टरचं कारण दिलं होतं. ते खोटं होतं आणि पुढं कबुलीही झाली. अशी एक सही खोटी निघाली की वाळूज-शेंद्र्यातल्या प्रामाणिक कारखान्याच्या सेन्सरच्या ऑर्डरवरही विक्रेता दहा प्रश्न विचारतो. तोवर लाईन उभी.

खंडपीठ_वकील:
सहीपुरतं मान्य, त्यापुढं नाही. हाल्कबँकेच्या मेहमत हाकान अतिला यांचं काय? तुर्की माणूस, तुर्की बँक, पैसा इराणचा. 2017 मध्ये न्यूयॉर्कला गेले, अटक झाली, 32 महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकेचा एक नटबोल्टही त्यात नव्हता. डॉलर न्यूयॉर्कच्या बँकांतून वळते झाले, एवढ्यावर अख्खं जग त्यांच्या कोर्टाच्या हद्दीत येतं का?

गंजगोलाई:
तुम्ही विमानाची यंत्रं, चिपा आणि बँका घेऊन भांडायलात, इकडं सोयाबीनचं वाटोळं झालंय त्याचं कोण बोलणार? क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं 18 किलोच्या आसपास, बाकी 80-82 किलो डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. म्हणजे भाव पेंडीवर उभा. इराण आपल्या पेंडीचं मोठं गिऱ्हाईक होतं. 2012 पासून त्यांच्या तेलाचे पैसे यूको बँकेत रुपयात जमा व्हायचे, त्यातून आपल्या निर्यातदाराचं बिल भागायचं. मे 2019 मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांपायी आपण तेल घेणं थांबवलं आणि खातं आटत गेलं. अन्नधान्याला अमेरिकेच्याच कायद्यात सूट आहे, तरी बँकवाला 'इराण' शब्द बघितला की फाईल परत करतो. आमच्यावर कुणी खटला भरला नाही, पण शिक्षा मात्र लातूरच्या आडतीवर झाली.

वाळूज_एक्स्पोर्ट:
भाऊ, दुखणं खरं आहे, पण शेतकऱ्याला पुढं करून चिपवाल्याला वाचवू नका! बँक घाबरते ती अशाच लोकांमुळं.

गंजगोलाई:
कोण वाचवायलंय? पेंडीच्या पोत्यात मायक्रोचिप भरता येते का? तोंडाला येईल ते बोलू नका.

खंडपीठ_वकील:
गंजगोलाईंचा मुद्दा उडवून लावू नका. बँकेला घाबरवणारं उदाहरण चिपवाल्याचं नाही, बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेचं आहे: सुदान, इराण, क्युबाचे डॉलर व्यवहार, 2014 मध्ये जवळपास 9 अब्ज डॉलरचा दंड. त्या भीतीनं सूट असलेला मालही अडतो. युरोपानं 1996 मध्येच असे परकी निर्बंध पाळायला आपल्या कंपन्यांना मनाई करणारा कायदा केला. आपल्याकडं तसला कायदा हवाच.

वाळूज_एक्स्पोर्ट:
तो कायदा असूनही 2018 मध्ये फ्रान्सची टोटाल इराणचं वायुक्षेत्र सोडून गेलीच. कागदावरच्या ढालीनं बँक हलत नाही. पण अतिलांच्या बाबतीत तुमचं ऐकतो, नाइलाजानं. फक्त डॉलर वळते झाले म्हणून तुरुंग, हे मलाही पटत नाही. अमेरिकेनं बँकेला दंड करावा, निर्बंधांच्या यादीत टाकावं. 30 ऑक्टोबर 2024 ला 19 भारतीय कंपन्यांना यादीत टाकलं, ती यादी होती, खटला नव्हता. हे दोन्ही एकात कालवू नका.

खंडपीठ_वकील:
म्हणजे अर्धी दादागिरी मान्य! आता उरलेलीही ऐका. 1997 च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. निव्वळ अमेरिकेचे निर्बंध मोडणं इथं गुन्हा नाही, म्हणून अमेरिकावाले परदेशच्या विमानतळावर वाट बघतात.

वाळूज_एक्स्पोर्ट:
खोटा दस्त इथंही गुन्हाच आहे, वकीलसाहेब. आणि आपला माल असला तरी निर्धास्त राहू नका: त्यात नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत 25 टक्क्यांवर गेली की त्यांचा कायदा लागतो, इराणसाठी 10 टक्क्यांवरच. बिलात चिपचा 8542 किंवा बेअरिंगचा 8482 हा कस्टम्सचा कोड असेल, गिऱ्हाईक फेब्रुवारी 2022 नंतर, म्हणजे युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर उगवलेलं असेल, पत्ता फॉरवर्डरच्या (माल पुढं पाठवणाऱ्या एजंटाच्या) गोदामाचा, पैसे तिसऱ्याच कंपनीकडून, आणि इन्स्टॉलेशन-वॉरंटीबद्दल अवाक्षर नाही, तर माल फॅक्टरीतून हलवू नका.

गंजगोलाई:
आमचा पेंडीचा कोड 2304 आहे. त्याचं सांगा.

वाळूज_एक्स्पोर्ट:
घेणारा, त्याची बँक, जहाज आणि जहाजाचा मालक, चौघांची नावं अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीशी ताडून बघा. यादीतल्या लोकांची मिळून 50 टक्के मालकी असली तरी ती कंपनी बंदच धरा, मग तिचं नाव यादीत नसलं तरी. बिल रुपयात करा. हे सगळे कागद माल भरायच्या आधी बँकेत द्या, नंतर नाही.

गंजगोलाई:
आणि एवढं करून बँकेनं नाहीच म्हटलं तर?

वाळूज_एक्स्पोर्ट:
तर नकार लेखी मागा. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.