शॅमेलिऑन रातकिडे खाईना, हॉर्नवर्म मागवू का?

फांदीवरचा
मुक्काम ऑस्टिन, टेक्सस. वेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), वय सात महिने, नर की मादी नक्की माहीत नाही. जाळीचा पिंजरा, 2 बाय 2 बाय 4 फूट. रोज अर्ध्या इंचाचे 12-14 रातकिडे पिंजऱ्यात मोकळे सोडतो, ते सगळे फस्त व्हायचे. गेले पाच दिवस जेमतेम दोन-तीन. काल दोनदा जीभ फेकली, दोन्ही वेळा नेम चुकला. रातकिड्यांना खायला ओट्स आणि पालक. डी3 असलेली कॅल्शियम पावडर रोज. दिव्याखालच्या फांदीवर 92 फॅरनहाइट. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) बल्ब कॉइलचा, आठ महिने जुना. दोन दिवसांपासून अंगावर पिवळे-निळे ठिपके उठलेत आणि सारखी तळाशी ये-जा चालू आहे. एकाच खाण्याला कंटाळलं असावं असं वाटतं. हॉर्नवर्म (जाड हिरव्या अळ्या) मागवू का?

बकुळ78
हॉर्नवर्म राहू द्या. आधी मागच्या पायाची टाच बघा. वेल्डच्या नराला जन्मापासून तिथे मांसल काट्यासारखा उंचवटा असतो. तो नसेल तर मादी आहे, आणि तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तिला अंडी घालायची आहेत. नर लागत नाही, सहा-सात महिन्यांची एकटी मादीही अफलित अंडी घालते. पोटात अंडी भरली की खाणं कमी होतं आणि माती शोधत ती तळाशी उतरते.

आजच्या आज वाळूचा डबा ठेवा. निदान 12 इंच लांब-रुंद, आत 8 ते 12 इंच खोल धुतलेली प्ले सँड (मुलांच्या खेळायची बारीक वाळू). ओल इतकी की बोट खुपसून काढलं तर भोक तसंच राहावं. ढासळलं तर पाणी कमी, बोटाला पाणी सुटलं तर जास्त. पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर लावा आणि डोकावू नका. खणताना कोणी दिसलं तर ती बोगदा अर्धवट टाकून वर जाते आणि अंडी आतच राहतात. खणण्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात.

दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली, फांदीवरची पकड सैल झाली, किंवा दोन दिवस खणूनही अंडी आली नाहीत, तर थांबायचं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन एक्सरे काढा. अंडी अडकली तर मादी दगावते.

रातकिडे_किलोने
बकुळ म्हणतात ते आधी करा. पण मूळ घोळ ताटातलाही आहे.

सात महिन्यांच्या मादीला रोज 12-14 हे फार झालं. जादा खाणं आणि जादा ऊब मिळाली की ते सगळं अंड्यांत जातं आणि एका खेपेला 60-80 अंडीसुद्धा होतात. ही अंडी उरकली की दिव्याखाली 80 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 27 सेल्सिअस, आणि दिवसाआड तीन-चार किडे. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको.

आता पालक. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे कॅल्शियम असूनही अंगी लागत नाही. अळू, राजगिराही त्याच कारणाने बाद. ओट्सने रातकिड्याचं पोट भरतं, एवढंच. रातकिड्यात मुळातच फॉस्फरस कॅल्शियमच्या सातपट असतो, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे यावर सगळं अवलंबून. द्यायच्या 24 ते 48 तास आधी मोहरीचा पाला, गाजर, रताळं, संत्र्याची फोड द्या. इंडियन स्टोअरमध्ये शेवग्याचा पाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. कुत्र्या-मांजराचं कोरडं खाणं मात्र नको. त्यात प्रथिनं जास्त असतात आणि सरड्याला गाऊट (अंगात यूरिक आम्ल साचणं) होऊ शकतो.

पावडर: रोज डी3 नको. तो अंगात साचत जातो आणि गळ्याखाली सूज दिसू लागते. रोजच्या किड्यांना साधं, डी3 नसलेलं कॅल्शियम. डी3 असलेलं मल्टिव्हिटॅमिन पंधरा दिवसांतून एकदा. चार किडे उंच ग्लासात घ्या, चिमूटभर पावडर टाका आणि ग्लास गोल फिरवा. किडा धुरकट दिसला की झालं, रव्यात घोळवलेला बांगडा करायचा नाही. जाड थर बसला की चव बिघडते आणि पुढच्या वेळी ती तोंड फिरवते. शिवाय रातकिडे पाय चोळून थोड्याच वेळात सगळं झटकतात, म्हणून लावलं की लगेच द्या.

मोकळे सोडणंही बंद करा. न खाल्लेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याला चावतात. डबा वापरा, पण पारदर्शक नको: आतला किडा दिसला की ती बाहेरूनच जीभ मारते आणि जीभ प्लास्टिकवर आपटते. पांढरा, अपारदर्शक, पाच-सहा इंच खोल डबा घ्या. आतल्या मागच्या भिंतीवर जाळीचा तुकडा चिकटवा, म्हणजे किडे चढून नजरेस पडतात. तोंड फांदीच्या पातळीला, जीभ सरळ जाईल असं.

फांदीवरचा
टाच बघितली, काटा नाही. वाळूचा डबा ठेवला, चादर लावली. संध्याकाळपासून खणतेय! जीभ चुकते त्याचं काय? आणि रातकिड्यांचा डबा चार दिवसांत कुबट होतो, निम्मे मरतात. झुरळं बरी का?

शेपटीची_गुंडाळी
जीभ चुकण्याची कारणं बरीच, पण तुमच्याकडे संशय कॅल्शियमवर. जीभ फेकणं स्नायूंचं काम आहे आणि स्नायूंना कॅल्शियम लागतं. अंडी तयार होताना तेच ओढलं जातं. पायाची हाडं वाकलेली किंवा जबडा मऊ दिसत असेल तर डॉक्टरला तेही दाखवा. घरी जबडा दाबून बघू नका, मोडू शकतो.

कॉइलचा बल्ब बदला. त्याचा झोत अरुंद, फांदीच्या एका टोकाला पडतो. लांब टी5 एचओ ट्यूब घ्या, 6 टक्के यूव्हीबीची, आणि बसायची फांदी जाळीपासून 8-9 इंच खाली ठेवा. तिथे यूव्ही इंडेक्स 3 च्या आसपास यायला हवा. ट्यूब दिसायला उजेड देत राहते, पण वर्षभरात यूव्हीबी उतरतो, म्हणून तारीख लिहून चिकटवा. यूव्हीबी नीट असेल तर डी3 अंगातच बनतो आणि पावडरीवरचा भार कमी होतो.

रातकिडे मरतात ते बहुतेक ओलीमुळे. पाण्याची वाटी काढून टाका, पाणी गाजरातून मिळतं. अंड्यांचे पुठ्ठे आडवे न रचता उभे लावा म्हणजे विष्ठा खाली गळते. झाकणाला मोठं भोक पाडून धातूची जाळी लावा, नायलॉनची ते कुरतडतात. मेलेले रोज उचला.

झुरळं म्हणजे डुबिया, स्वयंपाकघरातली नव्हेत. आवाज नाही, वास कमी, गुळगुळीत भिंत चढता येत नाही. टेक्ससमध्ये चालतात; फ्लोरिडात विकायला बंदी आहे, तिथे लोक डिस्कॉइड जातीची झुरळं वापरतात. अडचण एकच: डब्यात डुबिया मेल्यासारखं पडून राहतं आणि सरड्याला हललं तरच दिसतं. उलटं केलं की पाय हलवतं.

जोडीला रेशीमकिडे. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांत कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त, त्यांना पावडर लागत नाही. माश्या झाल्या तर त्याही सोडा, शिकारीचा व्यायाम होतो. सुपरवर्म (मोठ्या भुंगेऱ्याच्या अळ्या) चरबीचे, आठवड्याला एखादा. त्याचं डोकं ठेचून द्यावं लागतं, ही निव्वळ अफवा. हॉर्नवर्म म्हणजे बहुतेक पाणीच, कोरड्या पडलेल्या सरड्याला बरे, पण विकतचेच. टोमॅटोच्या झाडावरून उचललेले विषारी असतात. अंगणातले काजवे तर चुकूनही नाही. अमेरिकी काजव्यांतल्या विषाने एका काजव्यातही पाळीव सरडे मेल्याची उदाहरणं आहेत.

कुंपणाचा_सरडा
सांगलीहून. शेताच्या बांधावर शॅमेलिऑन दिसतात. हे सगळं वाचून एखादा पाळावा म्हणतोय.

बकुळ78
नको. भारतातला शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं दोन्ही गुन्हा. परदेशी जात असली तरी 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. बांधावरचा बांधावरच बघा.

फांदीवरचा, अंडी घालून झाली की ती स्वतःच वाळू बुजवते. बुजवून वर जाईपर्यंत डब्याला हात लावू नका. वर आली की मळकट, हडकुळी दिसेल. लगेच लांबलचक फवारणी करा, 15-20 मिनिटं ठिबक चालू ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज पाच-सहा किडे, साधं कॅल्शियम लावून, मग वरच्या हिशेबावर. विष्ठेतला पांढरा भाग गडद नारिंगी असेल तर पाणी अजून कमी पडतंय. अंडी काढल्यावर मोजा, आकडा इथे टाका. आणि डबा कायमचा पिंजऱ्यात राहू द्या. पुढची खेप तीन-चार महिन्यांतही येऊ शकते.

फांदीवरचा
सकाळी वाळू सपाट होती, ती वर दिव्याखाली. 54.